पाठीवरची माती

१२ जानेवारी, करंजमाळ

नाही, आता तुम्ही थांबा. मघापासून दारू, दारू, दारू. बिअर आहे ती. ज्वारी आणि बार्ली शिजवून, आंबवून केलेली. तुमच्या घरी इडलीचं पीठ आंबतं तेव्हा कोण पंचायत भरवतं का? आणि मैदानात विकणार आहे कोण? नुसतं नाव मागितलंय. बाईनं मागितलं म्हणून जास्त झोंबलं, तेपण सरळ म्हणा की.

हे सगळं मला आज मारुतीच्या देवळात कमिटीपुढं म्हणायचं होतं. म्हणले नाही. खाली मान घालून बसले आणि बोटानं फरशीवर रेघा मारल्या. म्हणून इथं म्हणतेय. वाचणारे जे कोण असाल, ते ऐकून घ्या.

तर करंजमाळचं कुस्तीचं मैदान यंदा एप्रिलमध्ये शंभर वर्षांचं होतंय. मी खंडाळ्याजवळ एका लहान ब्रुअरीत बिअर बनवते. वीरधवल म्हणून साताऱ्याचे आहेत, त्यांची ब्रुअरी. त्यांना म्हणलं, आमच्या मैदानाच्या शंभरीची एक बिअर काढू. एकदाच, एकच टाकी, संपली की संपली. ते म्हणाले, काढ. बदल्यात मैदानाच्या पूर्वेकडच्या ढासळलेल्या दगडी पायऱ्या ब्रुअरी बांधून देणार.

कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब. ते म्हणाले, "पोरी, शंभर वर्सात हितल्या मातीत पिलेल्या गड्याचा पाय पडला न्हाई. आन तू बाटलीवर नाव टाकतीस व्हय गं?"

मग कोपऱ्यातनं आबा उठले. आबा म्हणजे माझे वडील, तात्याबा पैलवान. दरवर्षी मैदानाची माती तेच तयार करतात.

"पोरगी माजी हाय," म्हणाले. "माज्या जबाबदारीवर द्या नाव."

कुणी हूं की चूं केलं नाही. कारण ह्या गावात दारूबद्दल बोलायचा हक्क आबांएवढा कुणालाच नाही. मी आठवीत होते तोवर ते रोज प्यायचे. निम्मी मेंढरं त्यात गेली. एका वर्षी तसेच मैदानावर आले आणि तालमीच्या वस्तादांनी आखाड्याच्या काठावर आडवा हात धरला. पिऊन मातीत उतरायचं नाही, हा इथला नियम. कुणी लिहिलेला नाही. आबा दिवसभर काठावर उभे राहिले, सगळ्या गावासमोर. घरी आल्यावर आई म्हणाली, "परत तोंड लावलंसा तर मी ह्या घरात न्हाई." माझी आई उगाच बोलत नाही. तेव्हापासून आबांनी थेंब घेतलेला नाही.

परवानगी मिळाली. बाटलीवर मारुती नको, गदा नको, आणि मैदानाच्या हद्दीत एक बाटली दिसता कामा नये.

देवळातनं बाहेर येताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बारावीत जिल्ह्यात पहिली आले तेव्हासुद्धा ठेवला नव्हता.

१६ जानेवारी, खंडाळा

ठरलं. मैदानाचं नुसतं नाव लावणार नाही. मातीचीच चव आणणार.

आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नसते. चाळून घेतात, मग त्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कडुलिंबाचा पाला, कापूर. मी बिअर ताकाच्या विरजणानं आंबट करणार. हळद सांगलीचीच. वर लिंबाची साल, आणि बिअरला कडू करणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा थोडा कमी करून कडुलिंब.

वीरधवल टाकीपाशी येऊन वास घेऊन गेले. "पल्लवी, ही बिअर आहे का कढी? मोहरी तेवढी टाकू नकोस."

हसा. मला कळतंय मी काय करतेय.

८ फेब्रुवारी, करंजमाळ

मला काही कळत नव्हतं मी काय करतेय. पहिला घाणा साफ चुकला. चव आहे, पण कशाची चव आहे तेच कळेना. मातीची चव मला कुठं माहितीय? बाईनं आखाड्यात पाय ठेवायचा नाही, त्यामुळं मी ती माती फक्त लांबनं बघितलीय. ज्याचं तोंड त्या मातीत दाबलं गेलंय त्यालाच विचारायला पाहिजे.

दोन बाटल्या घेऊन गावी आले. आबा अंगणात दावं वळत बसले होते.

"आबा, कुस्ती खेळताना माती तोंडात जाते ना? कशी लागते?"

"खाली दबंल त्येच्या तोंडात जाती."

"तुमच्या गेलीय का?"

"गेलीय की. कुणाच्या न्हाई गेली?"

मग मी विचारलं, ह्यातली चव बघाल का. विचारताना सांगितलं, की गिळायची नाही, नुसती जिभेवर घोळवायची आणि थुंकायची. चूळ भरल्यासारखी. सगळीकडं चव बघणारे लोक असंच करतात, पोटात काय जात नाही.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "ह्यात असती किती?"

"पाच टक्के."

"मंजी किती?"

"म्हणजे कमी, आये."

"कमी मंजी हाय."

"अगं, थुंकायचीय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. आबांनी वाटीत ओतून घेतली, तोंडात धरली, उठले आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन थुंकून आले. आईसमोर थुंकायला लाजत असतील.

"कापूर लय झाला," म्हणाले. "मातीत कापूर नाकाला येतो, जिभंला न्हाई. आन हळद कच्ची लागती. ती ताकात मुरली पायजे आदी."

मी बघतच राहिले. आबा माझ्या कामाबद्दल एवढी वाक्यं सलग कधी बोललेले नाहीत. कॉलेजात काय शिकते हे ते लोकांना "फ्याक्टरीचं कायतर" असं सांगायचे.

१७ फेब्रुवारी, खंडाळा

आबांचा फोन. आबा स्वतःहून फोन कधीच करत नाहीत. करायचाच झाला तर आईला लावून द्यायला सांगतात आणि दोन शब्द बोलतात.

"पल्लवे, दुसरा घाणा कवा निगतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"सकाळच्या पारी आण. तोंड ताजं असतंय तवा चव कळती."

हे मीच कुठंतरी वाचलं होतं, की चव बघायला सकाळ चांगली. त्यांना वाचायची गरज नाही. त्यांना आपोआप कळतं.

१९ फेब्रुवारी

परत फोन. कवा निगतोय.

२२ फेब्रुवारी, करंजमाळ

दुसरा घाणा. आबा म्हणाले, पहिल्यापेक्षा लांब पल्ला मारलाय, पण एका घोटात कळत नाही. माती कशी, आधी एक चव देते, मग दम लागला की दुसरी, आणि खाली दबून श्वास कोंडला की तिसरी. ती तिसरी आली पाहिजे.

मी हे मोबाईलवर रेकॉर्ड केलं. कोण बोलतं असं? कुठल्या पुस्तकात आहे हे?

"दोनचार बाटल्या ठीव," म्हणाले. "सावकास बघतो. घाई केली की चुकतंय."

घरात ठेवायला आईनं नको म्हणलं. तालमीच्या मागच्या खोलीत गारवा असतो, तिथं ठेवल्या. किल्ली आबांकडंच असते.

पुण्याचा फोटोवाला पण आला होता. लेबलसाठी आबांची पाठ पाहिजे होती. चेहरा नको, नुसती पाठ. आबांनी शर्ट काढला आणि तालमीच्या दारात उभे राहिले. ह्या वयातही पाठ केवढी आहे. फोटोवाला म्हणाला, जरा ताठ. आबा ताठ झाले, आणि नंतर किती वेळ तसेच राहिले.

निघताना आई गेटपर्यंत आली. मला वाटलं शिदोरी द्यायला.

"पले, तुज्या कामाला दुसरा कोण गडी मिळत न्हाई का गं?"

"आये, त्यांच्यासारखी जीभ कुणाची नाही."

"जीभ," म्हणाली आणि आत गेली.

तिला कधी बघवलं नाही आमचं जमलेलं. लहानपणीपण मी आबांच्या खांद्यावर बसले की म्हणायची, उतर, पडशील.

३ मार्च, खंडाळा

आईचा फोन. घरचा फोन आबांच्या खिशात, म्हणून ती शेजारच्या धोंडुबाईकडनं लावते. मी तिसऱ्या घाण्याच्या मध्ये होते, टाकीचं तापमान चढत होतं. म्हणलं, नंतर करते. नंतर केला तर धोंडुबाईनं उचलला. म्हणाली, "अगं, तुजी आई रानात गेली. तसं काय न्हाई म्हणली."

तसं काय नाही म्हणाली ना. मग.

१५ मार्च, करंजमाळ

आता बरोबर.

हे आबांचे शब्द आहेत. मी तिसरा घाणा घेऊन गेले. आबा तालमीत होते, तिथंच बाटली फोडली. त्यांनी वाटी घेतली नाही, बाटलीच तोंडाला लावली. मी बाहेर फोनवर होते, वीरधवलांचा फोन आला होता. आत आले तर ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले.

"आबा?"

डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "आता बरोबर."

"तिसरी चव आली?"

"आली."

मी पण प्याले. खरंच आली. आधी ताकाचा आंबटपणा, मग हळदीचा गरमपणा, आणि मग शेवटाला काहीतरी कोंडल्यासारखं, कडू, सुटायला वेळ घेणारं. आजवर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. मला रडू आलं. आबांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचे पण डोळे लाल झाले होते. आम्ही दोघं तसेच बसलो. बापाबरोबर असं मी कधी बसले नव्हते.

घरी जेवायला आबा आले नाहीत. आईनं मला एकटीला वाढलं. मी आनंदात होते, आणि मला तो तिच्यासमोर सांडायचा नव्हता.

२३ मार्च, करंजमाळ

माती खाल्ली मी.

लेबल छापून आलं. "करंजमाळ शंभर", खाली आबांची पाठ. पुण्याच्या डिझायनरनं पाठीवर कॉम्प्युटरनं लाल माती पसरवली होती. मला मेलवर पाठवलं तेव्हा मी लिहिलं, वा, सुंदर.

आज लालासाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाठीला माती?"

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

"अगं पैलवानाची पोरगी ना तू? पाठीला माती कुणाच्या लागती? चितपट झालेल्या गड्याच्या! छातीला लागू दे, गुडघ्याला लागू दे, तोंडात जाऊ दे. पाठ कोरी पायजे. तात्याबाला हरलेला छापलास तू गावभर!"

मी जन्मापासून ही मैदानं बघतेय. पाठ लागली की कुस्ती संपली, हे तीन वर्षांच्या पोराला कळतं. आणि मी लिहिलं, वा, सुंदर.

तिथूनच वीरधवलांना फोन केला. ते म्हणाले, परत छापू, काळजी करू नकोस. मग तालमीत गेले, आबांना दाखवलं. पायाच पडणार होते. त्यांनी लेबल उन्हात धरलं. खूप वेळ बघितलं.

"राहू दे," म्हणाले.

"आबा, बदलून देतायत ते. लोक हसतील."

"हसू दे."

"पण खोटं आहे ना ते."

"खोटं न्हाई." लेबल माझ्या हातात परत दिलं. "पाठीला लागलीया माती. राहू दे."

त्यांची शेवटची कुस्ती ते हरले होते, सांगलीकडच्या कुठल्यातरी पोराबरोबर, माझ्या जन्माच्या आधी. एवढ्या वर्षांनी ते असं उघड मान्य करणं, तेही माझी चूक झाकायला. किती मोठं मन लागतं त्याला. लालासाहेबांना मी हेच सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तात्याबाला भेटतो मी." भेटले का नाही माहीत नाही.

लेबल तेच राहिलं.

२९ मार्च, करंजमाळ

माती कालवायचा दिवस. दरवर्षी आबा अनवाणी उतरतात आणि पायानं माती मळतात. ताकाच्या घागरी ओततात, हळद उधळतात, पोरं मागं मागं पाय टाकत जातात. मी लहानपणापासून काठावरनं बघते.

यंदा आबा काठावर. गुडघा दुखतोय म्हणाले. पोरांना हातानं दाखवत होते, इकडं कमी पडलं, तिकडं ओत. वस्ताद खुर्ची घेऊन आले. ह्यांनीच तेव्हा हात आडवा धरला होता, आता फार थकलेत. आबांच्या शेजारी बसले. दोघंही पोरांच्या पायांकडं बघत राहिले.

आबांना म्हणलं, सांगलीत गुडघ्याचे चांगले डॉक्टर आहेत, मैदान झालं की जाऊ.

"जाऊ की," म्हणाले.

चालताना मात्र लंगडत नव्हते. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

५ एप्रिल, करंजमाळ

लिहायचं तर सरळ लिहिते.

मैदान खचाखच. नव्या पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. हलगी घुमत होती, निवेदकाचा आवाज बसला होता. बायका उजव्या कोपऱ्यात, मी आणि आई तिथं. आई नवं लुगडं नेसली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, ह्येच बरं हाय.

निवेदक ओरडला, "शंभराव्या वर्साचं आखाडा पूजन, ह्या मातीचं राखणदार, तात्याबा पैलवान यांच्या हस्ते!" टाळ्या. लालासाहेबांनी आबांच्या हातात नारळ दिला. चार पावलं आत जायचं, मधोमध फोडायचा, माती कपाळाला लावायची.

आबा काठावर आले. वहाणा काढल्या. उभे राहिले.

हलगीवाला वाजवत होता. आबा पायाकडं बघत होते. निवेदक परत म्हणाला, "पैलवान, पुढं व्हा!" मागनं कोण पोरगं ओरडलं, "आवं उतरा की तात्या, कुस्ती धरायची न्हाई तुमाला!" हशा झाला.

आणि आबांनी वहाणा परत घातल्या.

नारळ लालासाहेबांच्या हातात दिला. काही बोलले असतील, मला ऐकू आलं नाही. हलगी थांबली. तरुण पोरं एकमेकांना विचारत होती, काय झालं, काय झालं. जुनी माणसं कोणी विचारत नव्हती. पहिल्या रांगेतली फेटेवाली सगळी खाली बघायला लागली. त्या काठावर थांबलेले आबा त्यांनी आधी एकदा बघितले होते.

निवेदकानं सांभाळून घेतलं. "पैलवानांच्या गुडघ्याला दुखापत हाय, तरी लालासाहेबांच्या हस्ते..."

मी आईकडं वळले. म्हणलं, "गुडघा."

आई उठली. पदर खोचला. "उगं गं," म्हणाली. "तुज्या आबांनी खोटं बोलायचं सोडलं आज. तू कशाला बोलतीस?"

आणि बायकांच्या मधनं वाट काढत गेली. मी पहिली कुस्ती लागेपर्यंत तिथंच बसून राहिले. मग दुसरी लागेपर्यंत.

मला काही माहीत नव्हतं, असं इथं लिहिलं होतं. खोडलं.

७ एप्रिल, एस.टी.त

काल आई आटपाडीला मामाकडं गेली. शेळ्या धोंडुबाईकडं बांधल्या, चूल सारवली आणि गेली. मी म्हणलं, आये, माझी चूक आहे, माझ्यावर राग काढ. ती म्हणाली, "तुज्यावर कसला राग? तुला बाप पायजे हुता. मिळाला का?"



सकाळी वीरधवलांचा फोन. गेल्या आठवड्यात विकायला काढलेल्या सगळ्या बाटल्या साताऱ्यात आणि पुण्यात संपल्या. लोक त्या शेवटच्या कडू चवीबद्दल लिहितायत. "पल्लवी, ही बंद करायची नाही आता. कायमची काढू. तूच बघ सगळं." मी विचार करून सांगते म्हणलं नाही. हो म्हणलं. लगेच.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. तोंड वाकडं करू नका.

आबा मला स्टँडवर सोडायला आले. दाढी केली होती, धुतलेला शर्ट होता. तोंडाला बडीशेपेचा वास होता. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. आम्ही बाकावर बसलो. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता.

"आयेला आणाय जातो दोनचार दिसात," म्हणाले.

"हं."

"तुजं काम बाकी चांगलं झालं, पल्लवे. समदी म्हणत्यात."

मग मी विचारलं. त्यांच्याकडं न बघता, समोरच्या फळीवरच्या गावांची नावं वाचत विचारलं.

"आबा, पहिल्या दिवशी, ती पहिली वाटी. गंजीमागं गेला होता. थुंकली होती का?"

त्यांनी पिशवीचा बंद एका हातातनं दुसऱ्या हातात घेतला. माझ्याकडं वळले. तोंड उघडलं.

मी पिशवी घेतली आणि गाडीत चढले. ड्रायव्हरचा चहा अजून संपायचा होता. मी पलीकडच्या बाजूच्या खिडकीपाशी बसले, जिथनं स्टँड दिसत नाही.